सहावी गाठ

१

"कौसल्याबाई, फळी गेली."

शनिवारी सकाळी साडेआठला चिंतामण सरांनी फोनवर एवढंच सांगितलं आणि पुढे बोलेचनात. एरवी त्यांना एक प्रश्न विचारला तर तीन खंड फिरवून आणणारा हा माणूस. मी गॅस बंद केला, चपला पायात सरकवल्या आणि इंदापूरहून पळसदेवची एसटी धरली.

मी निवृत्त भूकरमापक. चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, म्हणून तालुका मला मोजणीबाई म्हणतो. बांध कोणी सरकवला, हद्दीचा दगड कोणी उपटला, हे शोधता शोधता माणसं ओळखायची सवय लागली. त्यामुळे हल्ली कोणाचं काही हरवलं की मलाच बोलावतात. पोलिसांत गेलं की गावभर होतं, माझ्याकडे आलं की नुसता चहा होतो.

सर पस्तीस वर्षं शाळेत इतिहास-भूगोल शिकवून घरी बसले, म्हणजे बसले नाहीतच. घराची पुढची खोली त्यांनी 'सागरदालन' करून टाकली. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठचं हे गाव, समुद्र अडीचशे किलोमीटरवर, आणि या खोलीत थर्माकोलची गलबतं, पुठ्ठ्याचं होकायंत्र, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून कालिकतला येणारी वाट लाल दोऱ्याने दाखवलेला भिंतभर नकाशा. दर शनिवारी शाळेतली पोरं येत आणि सर त्यांना गलबतात बसवून नेत.

या खोलीतला जीव की प्राण म्हणजे ती फळी. आठ सेंटिमीटर उंचीची सागवानी फळी, तिच्या मधोमध भोक, भोकातून ओवलेली सुती दोरी आणि दोरीला गाठी. जुने अरबी आणि गुजराती नाखवे असल्या फळीला कमाल म्हणत. संध्याकाळी, आकाश आणि पाणी दोन्ही दिसत असताना, हव्या त्या बंदराची गाठ दातात धरायची, दोरी ताणायची, फळीची खालची कड क्षितिजावर टेकवायची. वरची कड ध्रुवाला लागली की समजायचं, आपण त्या बंदराच्या रेषेवर आलो. मग त्या रेषेवरून सरळ किनारा गाठायचा. दोरीला पाच गाठी होत्या. सुरत, चौल, दाभोळ, गोवा आणि कालिकत.

सर फळीच्या पेटीसमोर खुर्ची ओढून बसले होते. पेटीत तळाला हिरवं फडकं होतं, व्यवस्थित चौघडी घातलेलं.

"किल्ली कुठे असते?"

"खिळ्याला. सगळ्या गावाला माहीत आहे." त्यांनी मान वळवून वळवून मला शोधलं. सरांना काचबिंदू आहे. नजर कडेकडेने विझत आत चाललेली. आता नळीतून बघितल्यासारखं मधलंच तेवढं दिसतं. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पावसाळ्यापर्यंत तेही जाईल.

"पाडव्याला हरिहरेश्वरला जाणार होतो," ते म्हणाले. "पस्तीस वर्षं पोरांना समुद्र शिकवला बाई, आणि स्वतः एकदाही पाहिला नाही. म्हटलं डोळे आहेत तोवर फळी घेऊन जावं. आता फळीच नाही. मी जाणार नाही."

"फळीवाचून समुद्र दिसत नाही का?"

"मी जाणार नाही," ते पुन्हा म्हणाले, आणि मला त्यांचा राग आला, पण तो टिकला नाही.

कारण ती फळी कोणी केली, हे मला ठाऊक होतं. सरांचा मुलगा इंद्रजित सातवीत असताना बापलेकांनी मिळून पंधरा दिवस घासून घासून केली होती ती. अकरा वर्षांपूर्वी त्या पोराने साखर कारखान्यातली ठरलेली नोकरी सोडली आणि बोटीवर जातो म्हणाला. सरांनी त्याला सांगितलं, गेलास तर हा उंबरा पुन्हा चढू नकोस. पोरगं गेलं. तेव्हापासून या घरात त्याचं नाव काढायची बंदी आहे.

पाडव्याला पंधरा दिवस होते. मी पिशवी खाली ठेवली आणि तिथेच मुक्काम ठोकला.

२

संशय घ्यायचा तर तीन माणसं डोळ्यासमोर येत होती. तिघांच्याही मनात त्या फळीबद्दल काहीतरी होतं.

पहिला युवराज, सरांचा पुतण्या. घराशेजारीच त्याचं ठिबकच्या पाइपांचं दुकान. मी गेले तेव्हा तो पाइपाच्या वेटोळ्यावर बसून भेळ खात होता.

"त्या फळकुटाचं मी काय करू बाई? चूल पेटवू?" तो उसळला. "ती खोली मला गोडाऊनला पायजे, हे मी काकांना तोंडावर सांगतो. चोरून कशाला नेऊ? आन दुकान सोडून मी गेलो कुठं? एक दिवस बंद ठेवलं की गिऱ्हाईक भिगवणला पळतंय."

खरं होतं. समोरच्या पानवाल्याने सांगितलं, आठवडाभर शटर एकदाही लवकर पडलं नव्हतं. युवराज उर्मट आहे, पण जाताना त्याने विचारलं, "काका जेवलं का?" आणि उत्तराची वाट न बघता तोंड फिरवलं.

दुसरे रावजी. फुगवट्यात मासे धरतात, सरांचे लहानपणचे सोबती. काठावर होडी पालथी घालून ते डांबर लावत होते.

"आमचं भांडान झालतं, व्हय," त्यांनी आपण होऊन सांगितलं. "ती दोरी सुताची हाय. दमट हवेत आखडती, मग माप चुकतं. मी म्हणलं, नायलॉनची घालतो आन गाठी माझ्या हातानं मारतो. तर सर म्हणलं, त्या गाठींना हात लावायचा न्हाय. आठ दिस बोललं न्हायत माझ्यासंगं."

"का हो, असं काय त्या गाठींत?"

रावजींनी डांबराचा कुंचला डब्यात ठेवला. "त्या गाठी पोराच्या हातच्या हायत, बाई. तुमाला म्हाईत न्हाय व्हय?"

रोज पहाटे ते मासे घेऊन भिगवणच्या बाजारात असतात आणि रात्री जाळं टाकतात. एका दिवसाचाही खाडा नव्हता.

तिसरी वल्लरी, बारामतीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. जुन्या सागरी प्रवासांवर तिचं प्रदर्शन होतं आणि तिने फळी मागितली होती. सरांनी साफ नाही म्हणून सांगितलं. ती गुरुवारपासून परिसंवादासाठी मुंबईला होती, म्हणून फोनच केला.

"मला वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू," ती म्हणाली. "पण फोटो काढू दिला त्यांनी. पाठवते तुम्हाला." फोटो लगेच आला. दोन आठवड्यांपूर्वीचा. फळी, दोरी आणि पाच साध्या गाठी, एकेक मोजून घेता येईल इतका स्वच्छ.

"एक विचारू बाई?" ती म्हणाली. "सर पोरांना शिकवताना सगळ्या सफरींचं सांगतात, आफ्रिकेचं टोक कोणी ओलांडलं, तिथल्या मालिंदी बंदरातून वाट दाखवायला आपल्याकडचा नाखवा कसा घेतला. पण पृथ्वीला पहिली फेरी घालणाऱ्या जहाजांवर आले की दरवेळी एकच वाक्य बोलतात आणि तास संपवतात. 'पाच जहाजं गेली, एक आलं, अडीचशेतली अठरा माणसं त्यावर होती.' असं का करतात?"

मी ते वाक्य वहीत टिपून घेतलं. तिचा शुक्रवार-शनिवारचा व्यासपीठावरचा फोटो रविवारच्या पेपरात होता. म्हणजे तिघेही स्वच्छ सुटले आणि माझ्या हाती भोपळा आला.

३

सोमवारी संध्याकाळी यशोदावहिनी आल्या. सरांची बायको, बुटकीशी, नऊवारीतली, कायम काहीतरी निवडत बसलेली बाई. दर फाल्गुनात त्या पाच-सहा दिवस नीरा-भीमेच्या संगमावर नरसिंहपूरला नेम करायला जातात. बुधवारी गेल्या होत्या. घरात काय झालं ते त्यांना कोणी कळवलंही नव्हतं.

फळी गेल्याचं मीच सांगितलं. त्यांचा पिशवी उघडणारा हात थांबला.

"ह्यांनी जेवान सोडलं का?"

"दोन दिवस नुसता चहा आणि बिस्कीट."

त्यांच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. पदराने पुसत त्या आत गेल्या आणि पिठलं टाकायला लागल्या. आम्ही तिघे-चौघे ओसरीवर बसलो होतो. रावजींची बायको तानूबाई विचारत होती, देवळात गर्दी होती का, संगमाला पाणी किती होतं.

"पानी? सकाळी बघावं तर पार खाली गेल्यालं, पायऱ्या उघड्या," वहिनी आतूनच म्हणाल्या. "दुपारच्याला पुन्ना वर, दोन पायऱ्या बुडवून. रोजचंच. आन रोज जरा उशिरानं यायचं, आज दुपारी तर उद्या कलत्या उन्हाला."

तानूबाईने मान डोलावली. रावजींनी मान डोलावली. मीही डोलावली. आमच्या भागाला पाण्याचं वर-खाली होणं काय नवीन? पावसाळ्यात पाणी परसापर्यंत येतं, उन्हाळ्यात इतकं आटतं की बुडालेलं जुनं देऊळ वर निघतं. पाणी चढलं, पाणी उतरलं, हे आमच्याकडे जेवलात का इतकं सहज बोललं जातं.

त्या रात्री सर दोन भाकरी जेवले, एवढंच मला बरं वाटलं.

बुधवारी सकाळी मी इंदापूरला परत जायची पिशवी भरत होते. त्या दिवशी सरांकडे वर्दळ होती. वल्लरी पुस्तक परत द्यायला आली, रावजींनी चिलापी मासे आणून दिले, युवराज टेप घेऊन गोडाऊनसाठी खोली मापून गेला आणि सरांच्या शिव्या खाऊन गेला. साडेअकराला सरांनी मला हाक मारली.

त्यांच्या हातात फळी होती. पेटीतच, फडक्यावर, जिथल्या तिथे सापडली होती.

"आली," सर म्हणाले. त्यांचा आवाज मला थोडा विचित्र वाटला. फळी मिळाल्याचा आनंद होता, पण त्याखाली दुसरंच काहीतरी होतं. "आता बघा, कोणी नेली ते शोधता येतंय का."

"मिळाली ना? मग सोडून द्या की."

"नाही," ते म्हणाले. "तुम्ही बघा. नीट मोजून बघा."

मी फळी हातात घेतली, दोरी उलगडली आणि सवयीने गाठी मोजल्या. सहा भरल्या.

४

मोबाइलमधला फोटो काढून मी पुन्हा मोजलं. फोटोत पाच, हातात सहा. कालिकतच्या गाठीपुढे, दोरीच्या टोकाकडे, एक नवी गाठ बसली होती. बाकीच्या पाच साध्या होत्या, घरी नाडीला मारतो तशा. ही मात्र आठ आकड्यासारखी वळलेली.

मी ती घेऊन आधी काठावर गेले. रावजींनी गाठ नखाने दाबून पाहिली.

"ही जाळ्याची न्हाय. आमच्याकडं अशी कुनी मारत न्हाय," ते म्हणाले. "ही समुद्रावाल्याची गाठ. वल्हं सुटू नये, दोर निसटू नये म्हणून मारत्यात. हाताला रोजचं वळान पायजे, बाई. पुस्तकात बघून अशी बसत न्हाय."

म्हणजे युवराज नव्हे, वल्लरी नव्हे, रावजीही नव्हेत. चोराने फळी नुसती नेली नव्हती, दर्यावरच्या माणसाच्या हाती दिली होती आणि त्याने ती वापरून परत पाठवली होती.

मी सागरदालनात परत आले. टेप काढली. चौतीस वर्षांत मी एकदाही नजरेने माप घेतलेलं नाही आणि आता घेणार नव्हते. फळीपासून गोव्याची गाठ अठ्ठावीस सेंटिमीटर आठ मिलिमीटर. कालिकतची चाळीस आणि थोडी वर. नवी गाठ पंचेचाळीस सेंटिमीटर चार मिलिमीटर.

फळी जितकी लांब धराल तितकी ती लहान दिसणार, म्हणजे तितका ध्रुव खाली. आणि ध्रुव जितका खाली, तितके तुम्ही दक्षिणेला. फळीची उंची भागिले दोरीची लांबी, आणि त्याचा कोन. आम्ही टेकडीची उंची काढायला हेच गणित करायचो. कागदावर उत्तर आलं, दहा अंश.

सरांचा जुना नकाशासंग्रह टेबलावरच होता. मी भारताचं पान काढलं, दहा अंशांच्या आडव्या रेषेवर बोट ठेवलं आणि पश्चिम किनाऱ्यापर्यंत सरकवत नेलं. बोट कोचीवर थांबलं.

आणि तिथे कागद झिजलेला होता. सगळं पान गुळगुळीत आणि रंगीत, फक्त कोचीच्या नावाशी बोटाच्या पेराएवढा डाग पांढरा पडलेला. तिथली शाई उडाली होती. कोणीतरी त्या एका जागी वर्षानुवर्षं बोट फिरवत बसलं होतं.

मी पान मिटवलं आणि खुर्चीत बसले.

५

बसल्यावर माझी चूक मला दिसली, आणि ती अशी होती की खात्यात असते तर साहेबाने माझे वाभाडे काढले असते. चोरी शनिवारी झाली असं मी धरून चालले होते. शनिवारी ती फक्त कळली होती. पेटी शनिवार सोडून उघडलीच जात नव्हती. म्हणजे फळी मागच्या शनिवारनंतर कधीही गेली असेल.

पळसदेवहून कोचीला जायचं तर दौंडहून रेल्वे. जाऊन-येऊन, तिथे राहून पाच-सहा दिवस हवेत. तेवढे दिवस गावात नव्हतं असं एकच माणूस होतं. ते बुधवारी गेलं होतं आणि सोमवारी आलं होतं. आणि येताना एक गोष्ट सांगून गेलं होतं, जी आम्ही सगळ्यांनी माना डोलावून सोडून दिली होती.

तरी खात्री करून घेतली. धरणातून नदीत पाणी सोडलं की संगमाला पाणी चढतं. मी रावजींना विचारलं, त्या आठवड्यात पाणी सोडलं होतं का?

"थेंब न्हाय," ते म्हणाले. "महिना झाला."

रोज चढणारं, रोज उतरणारं आणि रोज थोडं उशिरा येणारं पाणी भीमेचं नसतं. ती भरती-ओहोटी होती. समुद्र न पाहिलेल्या गावात ती कोणाच्या लक्षात यावी?

यशोदावहिनी परसात तांदूळ पाखडत होत्या. मी त्यांच्याशेजारी बसले आणि टेप मांडीवर ठेवली.

"वहिनी, कोचीला पायऱ्या उघड्या पडतात का हो ओहोटीला?"

सूप थांबलं.

"मोजलंत व्हय तुमी?"

"मोजलं."

"मग आता लपवून काय करू." त्यांनी सूप बाजूला ठेवलं आणि पदराच्या टोकाशी खेळत सांगायला लागल्या. "पाच वर्सं झाली, ताई. दर फाल्गुनात जाते. नरसिंहाचं नाव घेऊन घरातनं निघते, देवानं माफ करावं. पयल्यांदा गाडीत बसले तवा मुतायला सुदीक उठले न्हाय भ्यानं. पर पोरगं टेशनावर हुबं व्हतं. बोटी दुरुस्त करायचं काम करतंय आता. लगीन केलंय तितल्याच पोरीशी. चार वर्साची नात हाय, छकुली म्हणते मी तिला, तिचं खरं नाव मला उच्चारता येत न्हाय."

"आणि फळी?"

"हे पाडव्याला समुद्र बघाय निघालं व्हतं ना. ह्यांची नजर आता एवढीशी उरली." त्यांनी अंगठा आणि तर्जनीची वाटोळी खोबणी करून दाखवली. "समुद्र बघतील, घरी येतील आन मग डोळं मिटतील. आन पोरगं बघायचं ऱ्हाऊन जाईल. रागानं ऱ्हाऊन जाईल. हे मला सोसंना. मी इंद्राला फोनवर सांगितलं, तर त्यो म्हणला, आई, येताना फळी घेऊन ये. सांजच्याला मला होडीत घालून पान्यात लांब नेलं. दोरी दातात धरून त्यो वरती बघत बसला, आन मी त्याच्याकडं. मग गाठ मारली. मी म्हणलं, आबांना काय सांगू? तर म्हणला, काय सांगू नको. ते मोजतील."

तांदळावर एक थेंब पडला. मी मांडीवरची टेप उचलली.

"मग सांगा की आता त्यांना."

"मी न्हाय." वहिनी हट्टाने म्हणाल्या. "नाव काढायचं न्हाय, असं त्यांनी मला शपथ घालून सांगितलंय. अकरा वर्सं मी ती मोडली न्हाय. तुमी सांगा."

मी उठले. चिडलेल्या खातेदारांच्या कुऱ्हाडीसमोर उभी राहिलेली बाई मी, पण त्या खोलीत जाण्याआधी मी दारातल्या चपला दोनदा सरळ करून ठेवल्या.

६

सर खिडकीशी बसले होते. फळी मांडीवर, आणि उजव्या हाताची बोटं दोरीवरून एकेक गाठ करत सरकत होती. सहाव्या गाठीशी येऊन थांबत होती आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

"सर, माप झालं."

"दहा अंश," ते म्हणाले. "सकाळी हातात घेतली तेव्हाच कळलं. पोरगं कोचीला असल्याचं उडत उडत कानावर होतंच, नकाशावर तिथेच बोट फिरवत बसायचो. मला वितीने सगळी बंदरं पाठ आहेत, बाई."

मी थक्क झाले, आणि मग खरोखर संतापले. "मग मला कशाला पळवलंत? टेप घेऊन काठाकाठाने फिरवलंत?"

"पाच जहाजं गेली होती," ते हळूच म्हणाले. "एक आलं. अठरा माणसं. मी हे पस्तीस वर्षं शिकवलंय. पोरांना वाटायचं, काय शूर लोक! आणि मी मनात उरलेल्यांचा हिशेब करायचो. त्यांच्या घरी कोणी कळवलं असेल? माझं पोरगं बोटीवर जातो म्हणालं, तेव्हा मला ते अठरा दिसलेच नाहीत. बाकीचे दिसले. भीती वाटली हो मला. आणि मी तिला राग म्हटलं."

"मग आता?"

"आता मीच घातलेली बंदी मीच कशी मोडू? यशोदेसमोर, भावकीसमोर?" त्यांनी नळीभर उरलेली नजर माझ्यावर रोखली. "तुम्ही सरकारी मोजणीवाल्या. दोघं भांडत असले, पिढ्यान् पिढ्या तोंड बघत नसले, तरी तुम्ही मोजून दिलं की दोन्ही बाजूंना मान्य करावं लागतं. त्यात कोणाची हार नसते. म्हणून मोजणी तुमच्याकडून करून घेतली."

मी त्या माणसाकडे बघतच राहिले. एवढा शिकलेला, आणि लेकाचं नाव घ्यायला त्याला सरकारी निकाल हवा होता. हसावं की रडावं कळेना. पण मागितलं होतं ते योग्य माणसाकडे.

मी यशोदावहिनींना हाक मारली. युवराज दारातून जात होता, त्यालाही आत ओढलं, पंच म्हणून. वहिनी चौकटीला धरून उभ्या राहिल्या. मी फळी टेबलावर ठेवली, टेप लावली आणि बांधावर उभी राहून वाचायचे तशा खणखणीत आवाजात वाचलं.

"मोजणी आज रोजी प्रत्यक्ष जागेवर केली. दोन्ही खातेदार हजर. फळी आठ सेंटिमीटर, सहावी गाठ पंचेचाळीस सेंटिमीटर चार मिलिमीटर. सबब इंद्रजित चिंतामण हा दहा अंशांवर, मौजे कोची इथे राहतो. पत्नी एक, मुलगी एक. हद्दीबाबत कोणाची हरकत असल्यास आत्ताच सांगावी."

अकरा वर्षांनी त्या घरात ते नाव मोठ्यांदा उच्चारलं गेलं. वहिनींनी तोंडात पदर कोंबला. युवराज जमिनीकडे बघत पायाच्या अंगठ्याने फरशी कोरत होता.

"मुलगी?" सर म्हणाले. हे त्यांना गाठीवरून कळलेलं नव्हतं.

"चार वर्सांची," वहिनी म्हणाल्या.

सरांनी घसा साफ केला. "हरकत नाही," म्हणाले. आणि मग, "युवराज, दौंडहून गाडी किती वाजता असते, बघ रे."

युवराजने मोबाइल काढला. "किती तिकिटं, काका?"

"तीन. मोजणीबाईंना सोबत घ्यायची. निकाल यांनी दिलाय, अंमलबजावणीही यांनीच करायची."

७

कोचीला आम्ही पोचलो तेव्हा पाडव्याला सहा दिवस बाकी होते. स्टेशनावर इंद्रजित आला नाही. वहिनींनीच त्याला तसं सांगितलं होतं. आबांना आधी समुद्र बघू दे, मग तू ये. जन्मभराची इच्छा आहे त्यांची.

आम्ही रिक्षाने किनाऱ्यावर गेलो. सूर्य बुडायला अर्धा-पाऊण तास असेल. माझ्याही आयुष्यातला तो पहिला समुद्र, आणि मी उगाच कठोरपणा दाखवत नाही, माझ्या तोंडून "बाई गं" निघालं. एवढं पाणी, आणि कुठेच पलीकडचा काठ नाही. सरांचा एक हात माझ्या हातात होता आणि दुसरा वहिनींच्या. वाळूत पाय रुतवत आम्ही त्यांना पाण्याच्या रेषेपर्यंत नेत होतो. ते खाली मान घालून पावलं टाकत होते, कारण मान वर केली तर पाय दिसत नव्हते.

"आता बघा सर," मी म्हणाले. "आलो."

त्यांनी मान वर करायच्या आधीच मागून आवाज आला. "आबा."

सर जिथल्या तिथे थांबले. मग समुद्राकडे पाठ करून वळले.

इंद्रजित सात-आठ हातांवर येऊन उभा राहिला होता. रापलेला, दाढी वाढलेली, कपाळावर डांबराचा डाग. त्याच्या मागे बरीच लांब, नारळाच्या झाडापाशी, एक बाई मुलीचं बोट धरून उभी होती. तो दोन पावलं पुढे आला, मग आणखी दोन, अगदी हाताच्या अंतरावर. सर त्याच्याकडे बघत होते. त्यांची मान आधी वर गेली, मग खाली, मग डावीकडे. बुडतं ऊन त्यांच्या पाठीवर होतं आणि इंद्रजितच्या तोंडावर.

"मागे हो," सर म्हणाले.

इंद्रजितचा चेहरा पडला. वहिनींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. सर, आता तरी नको, असं मी म्हणणार होते. पण त्या पोराने काही न बोलता एक पाऊल मागे घेतलं.

"अजून."

त्याने आणखी दोन पावलं घेतली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते तो पुसत नव्हता.

"अजून जा. जा म्हणतो ना."

तो पाठमोरा न होता तसाच वाळूतून मागे मागे जात राहिला. झाडापर्यंत पोचला तेव्हा ती चिमुरडी आईचं बोट सोडून त्याच्या पायाला येऊन बिलगली, आणि त्याची बायको त्याच्या खांद्याशी आली.

"थांब!" सर ओरडले. दोन्ही हात हवेत उचलून, कोणी हलू नये म्हणून. "जवळ होतास तेव्हा नुसतं कपाळ दिसत होतं रे. नाहीतर नुसती हनुवटी. आता मावलात. सगळे मावलात."

मागे समुद्र गाजत होता. सरांनी वळून पाहिलं नाही.